पहिलं उत्तर लिहू नका

सर कुठलीही गोष्ट दोनदा सांगत नसत. क्लासची वेळ बदलली तर एकदा सांगत, उद्या सुट्टी आहे हे एकदा सांगत, आणि ज्याने ऐकलं नसेल तो दुसऱ्या दिवशी पंचवटीतला तो उभा जिना चढून येई आणि बंद दार बघून परत जाई. मीही एकदा अशी परत गेले आहे. आतून काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, कुकरची शिट्टी ऐकू येत होती, म्हणजे दोघं घरातच होती, पण दार उघडलं नाही. पुढच्या वेळी सरांनी त्याबद्दल मला काही विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. त्यानंतर मात्र त्यांचं एकही वाक्य मी सुटू दिलं नाही.

परदेशी इस्पितळात नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. तिचे चार भाग असतात: वाचणं, लिहिणं, बोलणं आणि ऐकणं. चारही भाग शिकवणारे क्लास नाशकात गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या पाट्यांवर परदेशी झेंडे असतात, आत एसी असतो आणि शिकवणारे टाय लावतात. सर फक्त ऐकणं शिकवायचे. बाकीचं दुसरीकडे शिका म्हणायचे. त्यांच्या दाराला पाटी नव्हती. माझ्या वॉर्डातल्या एका सिनिअर सिस्टरने मला त्यांचा पत्ता दिला आणि वर बजावलं, "माणूस विक्षिप्त आहे. पण माझं ऐकण्याचं त्यांच्याचमुळे निघालं."

पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा सर आमटीत पापड भिजवून खात होते. पापड भिजवून खाणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. काकूंनीच सांगितलं, "पापड चावताना दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही म्हणे. माझ्या लग्नापासून या घरात पापड वाजलेला नाही." सरांनी मान हलवली. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन्ही टोकांना तासलेली पेन्सिल. कोर्टात स्टेनो म्हणून त्यांची नोकरी झाली होती आणि निवृत्त झाल्यावरही ती पेन्सिल खिशातून निघाली नव्हती. एक टोक तुटलं तर दुसरं तयार हवं, कारण बोलणारा आपल्यासाठी थांबत नाही.

क्लास म्हणजे त्यांची पुढची खोली. चटईवर आम्ही सात-आठ जणं भिंतीकडे तोंड करून बसायचो. त्यात नर्सेस होत्या, एक फिजिओथेरपी झालेला लासलगावचा मुलगा होता, आणि नवऱ्यामागे कॅनडाला जाऊ बघणारी एक बाई होती. सर पंखा बंद करायचे. उन्हाळ्यातही. पण खिडक्या उघड्या ठेवायचे, आणि खाली भाजीबाजार. रिक्षांचे हॉर्न, कोथिंबीर विकणाऱ्या बायकांचं ओरडणं, कुणाच्या तरी घरची भांडी, या सगळ्यातून ते रेकॉर्डिंग ऐकायचं. हेडफोन कुणी काढला तर म्हणायचे, "तो तिथे परीक्षेत मिळेल. इथे कान घेऊन या." सगळ्यांत लहान पोरापोरींनाही ते अहो-जाहो करत. मला आयुष्यात पहिल्यांदा अहो-जाहो करणारी मोठी व्यक्ती तेच.

क्लासात "काय?" हा शब्द उच्चारायला बंदी होती. ज्याच्या तोंडून तो निघेल त्याने खाली जाऊन काकूंसाठी भाजी आणायची. कुठली भाजी ते सर गॅलरीतून सांगणार, अर्थात एकदाच, आणि जे हातात येईल ते नवरा-बायको दोन दिवस खाणार. एका आठवड्यात लागोपाठ मुळाच आला. "तुमची शिस्त आणि माझं पोट," असं काकू आतून म्हणाल्या आणि मुळ्याचीच कोशिंबीर केली.

त्या परीक्षेतलं रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. ते मागे नेता येत नाही, थांबवता येत नाही. आणि त्यातली माणसं सरळ बोलत नाहीत. एखादी बाई म्हणते, मंगळवारी भेटू. आपण घाईघाईने मंगळवार लिहितो. मग ती म्हणते, अरे नाही, मंगळवारी माझी बहीण यायची आहे, गुरुवारीच बरं. तोवर आपण पुढच्या प्रश्नाकडे वळलेलो असतो. बाकीच्या क्लासांत याला सापळा म्हणायचे आणि तो ओळखायच्या युक्त्या शिकवायचे. सरांना सापळा हा शब्द आवडत नसे.

"तिने तुम्हाला फसवलं नाही," ते म्हणायचे. "माणूस असाच बोलतो. पहिल्यांदा जे तोंडाला येतं ते बोलतो, मग स्वतःचं स्वतःच ऐकतो आणि मग खरं सांगतो. पहिलं उत्तर लिहू नका. थांबा. तो अजून बोलतोय."

हे वाक्य मात्र ते रोज म्हणायचे. दोनदा न सांगण्याच्या नियमातून तेवढं एक वाक्य त्यांनी वगळलं होतं.

याचा पुरावा घरातच होता. क्लास संपला की सर स्वतः चहा करायचे आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन विचारायचे, "घेणार का?"

"नको," काकू म्हणायच्या.

सर किटली हातात घेऊन तिथेच उभे राहायचे. काकू गव्हातले खडे काढत असायच्या नाहीतर वाती वळत असायच्या. जरा वेळाने वर न बघताच म्हणायच्या, "अर्धा चालेल." सर अर्धा कप ओतून परत यायचे आणि आमच्याकडे बघायचे. आम्ही हसायचो. ते हसत नसत. त्यांच्या दृष्टीने तो धडा होता.

एकदा त्यांनी सगळ्या क्लासला लासलगावच्या कांदा बाजारात नेलं. एसटीने गेलो. बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरांच्या रांगा लागलेल्या, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपासून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकतोय, आणि लिलाव पुकारणारा माणूस श्वास न घेता आकडे म्हणतोय. सरांनी एक ट्रॉली दाखवली आणि सांगितलं की या कांद्याला शेवटी काय भाव फुटतो तो लिहा. लासलगावच्या मुलाचा चुलता तिथलाच व्यापारी. मुलगा लहानपणापासून त्या आवारात वाढलेला. आमच्याकडे बघून तो म्हणाला, "हे काय विचारणं झालं? लय सोपं हाय." आणि लिलाव चालू असतानाच आकडा लिहून कागद घडी करून बसला. बोली पुढे चालू राहिली. मागून आलेल्या एका व्यापाऱ्याने भाव चढवला, दुसऱ्याने त्याच्यावर चढवला, आणि ट्रॉली भलत्याच भावाला गेली.

"या कांद्याला एवढा भाव मिळूच शकत नाही सर," मुलगा म्हणाला. "पत्ती निघालेला, सालं सुटलेला माल हाय हा."

"तुम्ही कांदा बघितलात," सर म्हणाले. "मी ऐकायला सांगितलं होतं."

माझा भाव बरोबर आला, कारण मला कांद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी सुरगाण्याकडची. आमच्याकडे भात आणि नागली, म्हणजे नाचणी. भात कापून झाला की दिवाळीनंतर आमची अर्धी वाडी जीपगाड्यांत बसून दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला येते. आई-वडील दरवर्षी यायचे. बागेच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाची झोपडी करायची आणि उन्हाळा लागेपर्यंत तिथे राहायचं. मी आश्रमशाळेत शिकले, मग नर्सिंग केलं, मग नाशकात नोकरी लागली, तरी आईचं येणं थांबलं नाही. तिचे गुडघे सुजायचे. द्राक्षाच्या मांडवाखाली दिवसभर हात वर करून काम करायचं, आणि संध्याकाळी ती हात खाली सोडायची तेव्हा तिला ते खाली आल्याचं कळायचंही नाही. मी ठरवलं होतं की परदेशी जायचं आणि हिचं ते प्लास्टिकच्या कागदाखाली राहणं बंद करायचं. इंग्लंडमधल्या एका इस्पितळाने मुलाखत घेऊन मला पसंत केलं होतं. अडत होतं ते फक्त परीक्षेचं.

पहिल्या खेपेला मी ऐकण्यात गेले. बाकी तिन्ही भाग निघाले, ऐकण्यात अर्ध्या गुणाने राहिलं. इस्पितळाने आणखी एक संधी देऊ म्हणून कळवलं, त्यानंतर नाही. मी निकाल घेऊन सरांकडे गेले. मला वाटलं होतं दोन शब्द धीराचे बोलतील.

"कुठे सुटलं?" सरांनी विचारलं.

मला ती जागा नेमकी आठवत होती, ती मी सांगितली. ऐकण्याच्या परीक्षेतलं पहिलंच संभाषण. एक मुलगा फळं तोडायच्या हंगामी कामासाठी फोन करतो आणि मळ्याची मालकीण त्याला माहिती देते. राहायची सोय तंबूत आहे, म्हणते. तोडायची फळं द्राक्षं आहेत, म्हणते. एवढं ऐकलं आणि माझ्या डोळ्यांपुढे दिंडोरीची बाग उभी राहिली. तो कागद, ती चूल, आई. बाई पुढे बोलत राहिली, आणि मी भानावर आले तेव्हा चार उत्तरं निघून गेली होती.

सर पेन्सिलीचं टोक बघत बसले. मग म्हणाले, "तुम्ही त्या बाईला ऐकत नव्हतात. आईला ऐकत होतात. आई काय म्हणते?"

"कशाबद्दल सर?"

"तुमच्या जाण्याबद्दल."

"जा म्हणते."

"मग?"

"मग काय, सर. जा म्हणाली. आनंदाने म्हणाली."

"कधी म्हणाली?"

"फोनवर. मुलाखत झाली त्या दिवशी."

"आणि तुम्ही फोन ठेवलात," सर म्हणाले. "पहिलं उत्तर लिहून मोकळ्या झालात. रविवारी जाऊन या."

मला राग आला, खरं सांगते. मी इंग्रजी ऐकायला शिकायला आले होते, आईचं ऐकायला नाही. माझ्या घरच्या गोष्टीत यांनी का पडावं? तावातावाने उठले. जिन्यापर्यंत आले तर मागून काकू आल्या. त्यांना बोलायचं असलं की त्या पदराने हात पुसत यायच्या, हात कोरडे असले तरी.

"राग मानू नका त्यांचा," काकू म्हणाल्या. आणि तिथे जिन्याच्या वरच्या पायरीवर त्यांनी मला एक हकिकत सांगितली. सरांनी ती त्यांना एकदाच सांगितली होती, पुष्कळ वर्षांपूर्वी, आणि काकूंनी ती जपून ठेवली होती.

सर नोकरीत असताना एका खटल्यात एक म्हातारी साक्षीला आली होती. तिच्या शेजारच्या सुनेला मारहाण झाल्याचं प्रकरण होतं. म्हातारी म्हणाली, मी काही पाहिलं नाही. वकिलांनी आणखी दोन प्रश्न विचारले, ती तेच म्हणाली, आणि साक्ष संपली. पिंजऱ्यातून उतरताना कठडा धरून ती थांबली. सगळे पुढच्या कामाला लागले होते. सर सगळ्यांत जवळ बसलेले. म्हातारी कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, "माझ्या बी घरात सून हाय. मी बोलले तर माझ्या घरातलं बी बाहेर येईल." आणि उतरून निघून गेली. सरांनी मान वर करून बघितलं. दुसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं. जज्जसाहेब सांगतील तेवढंच टिपायचं हे स्टेनोचं काम, आणि साहेबांनी ते सांगितलं नव्हतं.

"त्या दिवशी घरी आले आणि जेवले नाहीत," काकू म्हणाल्या. "मला म्हणाले, पेन्सिल हातात होती माझ्या. तेवढंच म्हणाले. मग मी कधी विचारलं नाही. तेव्हापासून कुणी बोलून थांबलं की हे तसेच उभे राहतात. मी चहा नको म्हटलं तरी उभे राहतात. मला खरंच नको असतो हो कधी कधी. पण ते उभे असतात म्हणून अर्धा घेते."

आम्ही दोघी हसलो. पण मी जिना उतरले ती रविवारचं ठरवूनच.

बागेत गेले तेव्हा दुपार होती. वडील आठवडे बाजाराला गेले होते. आई शेततळ्याच्या कडेला कपडे धूत होती. मला बघून तिने साबणाचे हात तसेच वर धरले, मला लागू नयेत म्हणून. आम्ही झोपडीपुढे बसलो. तिने नागलीची भाकर आणि मिरची पुढे केली. मी म्हटलं, "आई, मी गेले तर तुला कसं वाटंल?"

"जा ना बाय," आई म्हणाली. "चांगलंच हाय ते. मोठ्या दवाखान्यात काम करशील."

हे मला माहीत होतं. माझ्या जिभेवर पुढचे दहा मुद्दे तयार होते. पैसे पाठवीन, तू काम सोड, गुडघ्यांचं ऑपरेशन करू. मी ते गिळले आणि भाकर खात राहिले. गप्प बसणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. वॉर्डात आम्ही पेशंटला विचारतो, कसं वाटतंय, तो बरं म्हणतो, आपण लिहितो आणि पुढच्या कॉटकडे जातो. आई धुतलेल्या लुगड्याचं टोक पिळत बसली. त्यातलं पाणी कधीच संपलं होतं तरी पिळत बसली.

"एक सांगू का," ती म्हणाली. "माझ्यासाठी जात असशील तर नको जाऊ."

मी तिच्याकडे बघितलं.

"तू सगळ्यांना सांगत फिरते, आईचं काम सोडवायचं हाय. माझं काम मी सोडीन तवा सोडीन. इथं आमच्या वाडीच्या बाया हाय, आम्ही गानी म्हनतो, हसतो. मी घरी एकली बसून काय करू? तू तिकडं माझ्या नावानं झिजशील, आन मी इकडं बसून तेच मोजीत राहीन. तसलं ओझं मला नको." मग थोडं थांबून म्हणाली, "तुला जायचं असंल, तुझ्या मनानं, तर जा. मग मी कुनालाबी सांगीन, माझी पोर गेली, तिच्या हौसेनं गेली."

मला रडू आलं. इतकी वर्षं तिच्या गुडघ्यांचं मीच ओझं वाहिलं असं मला वाटत होतं, आणि ती माझ्या ओझ्याचं ओझं वाहत होती. मला जायचं होतं का? होतं. मला समुद्र बघायचा होता, मोठं इस्पितळ बघायचं होतं, आमच्या वाडीतलं कुणी गेलं नव्हतं तिथे जायचं होतं. हे मी स्वतःशीसुद्धा कधी म्हटलं नव्हतं, कारण आईचे गुडघे पुढे केले की ते म्हणावंच लागत नसे. मी तिला सांगितलं, "आई, मला जायचंय." ती म्हणाली, "मग तसं बोल ना," आणि माझ्या ताटात आणखी भाकर टाकली.

दुसऱ्या दिवशी क्लासला गेले. सरांनी विचारलं नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, पंखा बंद केला आणि रेकॉर्डिंग लावलं.

दुसऱ्या खेपेला मी पास झाले. परीक्षेत काय वाजलं ते फारसं आठवत नाही. कुणीतरी वाचनालयाबद्दल बोलत होतं, कुणीतरी पक्ष्यांबद्दल. एवढं आठवतं की मी प्रत्येकाला बोलू दिलं. निकाल सांगायला गेले तेव्हा सर म्हणाले, "बरं." मी निघाले नाही. दारातच उभी राहिले. त्यांच्याकडूनच शिकले होते. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, "हिला सांगून जा. सकाळपासून देवापुढे दिवा लावून बसली आहे. आणि मीही काही वाचलेलं नाही सकाळपासून." काकूंनी माझ्या तळहातावर साखर ठेवली. सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांना तेव्हा किती आनंद झाला होता ते मला पाठमोऱ्या माणसावरून कळलं.

इथे इंग्लंडला आल्यावर मी त्यांना रविवारी फोन करायचे. इथल्या दुपारी, तिथल्या संध्याकाळी. सर फोन उचलून "बोला" म्हणायचे आणि मी बोलायचे. इथल्या म्हाताऱ्या पेशंटबद्दल सांगायचे, जे सगळे पहिल्यांदा आपण अगदी छान आहोत म्हणतात, आणि मी त्यांची उशी नीट करत रेंगाळले की मग सांगतात कुठे दुखतंय ते. सिस्टर लोकांना वाटतं मी कामाला जरा मंद आहे. सर ऐकायचे, हुंकारही द्यायचे नाहीत. मागून काकू ओरडायच्या, "जेवली का विचारा तिला." सर विचारायचे नाहीत, कारण मला ते ऐकू आलेलं असायचं. मी मोठ्याने सांगायचे, "जेवले हो काकू." कधी मागे कुकर वाजायचा, कधी खाली कोथिंबीरवाली. मी पंचवटीतल्या त्या खोलीत बसल्यासारखी असायचे.

मधे काही रविवार माझ्या ड्युट्या लागल्या. मग परवा फोन लागला. सर "बोला" म्हणाले. मी इथल्या थंडीचं सांगितलं, आईने या हंगामात निम्मेच दिवस काम धरलं, तेही आपल्या मर्जीने, ते सांगितलं. सर ऐकत होते.

"काकू कशा आहेत?" मी विचारलं.

"बरी आहे," सर म्हणाले.

मागे कुकर नव्हता. "जेवली का" नव्हतं. खालच्या बाजाराचा आवाज तेवढा नेहमीसारखा येत होता. मी पुढचं काही विचारलं नाही. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी कुणीतरी सँडविचचा कागद उघडत होतं, मी दुसऱ्या कानावर हात ठेवला आणि थांबले. पलीकडे सरांचा श्वास ऐकू येत होता.

"नाही," सर म्हणाले. "गेली ती. महिना होईल."

मी कानावरचा हात आणखी घट्ट दाबला.

"सकाळी तिला घाम आला होता," सर म्हणाले. "मी विचारलं, बरं वाटतंय ना. ती म्हणाली, हो, तुम्ही क्लास घ्या, पोरं येऊन बसलीत. मी पुढच्या खोलीत आलो. पंखा बंद केला, रेकॉर्डिंग लावलं. क्लास झाला. चहा केला. किटली घेऊन विचारायला आत गेलो, घेणार का म्हणून." खालून कोथिंबीरवाली ओरडत गेली. "ती हो म्हणाली होती, आणि मी निघून आलो. उभा राहिलो नाही. आयुष्यभर चहासाठी उभा राहिलो."

नर्स म्हणून मला यावर बोलण्यासारखं पुष्कळ माहीत होतं. हृदयाच्या अशा झटक्यात फार वेळ मिळत नाही, उभे राहिला असतात तरी कदाचित काही झालं नसतं, स्वतःला दोष देऊ नका. हे आम्ही नातेवाइकांना रोज सांगतो. मला साखर ठेवणारा काकूंचा तो हात आठवत होता, आणि तरी मी काही बोलले नाही, कारण सर अजून बोलत होते.

"ऐकताय ना?" त्यांनी विचारलं. हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं.

"ऐकतेय, सर."

"सकाळी तिला घाम आला होता," सर म्हणाले. "मी विचारलं, बरं वाटतंय ना."

मला ते पहिल्याच वेळी सगळं ऐकू आलं होतं, शब्द न् शब्द. मी फोन कानाशी घट्ट धरला आणि पहिल्यापासून ऐकू लागले.